भालूदादाचा ऑर्गन आणि व्हिसाचा एक्सरे

कुडाळहून फोन आला की मी आधी देवाचं नाव घेते आणि मग फोन उचलते. त्या सकाळी शालनवहिनीचं नाव दिसलं आणि मी तो उचललाच नाही, वाजू दिला... उचलला नाही तर जे झालं असेल ते व्हायचं राहील, असं काहीतरी वेडं मनात होतं. शेवटी माझ्या नवऱ्यानं, श्रीकांतनं, बाथरूममधून ओल्या हातानं येऊन तो घेतला आणि माझ्या कानाला लावला. "सुनू, तुझो दादा गेलो गो," वहिनी म्हणाली. पहाटे, घरीच, पडवीत घातलेल्या खाटेवर. मागून कोणीतरी तिला लाकडं कुठली काढायची ते विचारत होतं. "फणसाची नको, ती तेंनी कामासाठी ठेयलेली," असं तिनं त्याला सांगितलं आणि मग तिला रडू फुटलं. आम्ही मस्कतमध्ये. तिकीट काढून पोचेपर्यंत सगळं उरकलं असतं. म्हणून गेलो नाही. हे लिहायला मात्र महिना लागला.

भालूदादा म्हणजे भालचंद्र मेस्त्री, माझा मावसभाऊ. माझ्याहून चांगला मोठा. आम्ही डोंबिवलीकर, तो कुडाळजवळच्या गावातला, बाप-आजापासून सुतार. तरुणपणी मुंबईला आला तेव्हा भायखळ्यात एका म्हाताऱ्या ख्रिस्ती कारागिराच्या हाताखाली लागला. हा म्हातारा चर्चमधले जुने पाइप ऑर्गन दुरुस्त करायचा. ज्यांनी ते वाद्य पाहिलं नसेल त्यांना सांगते... आपल्या पेटीत हवा पितळी पट्ट्यांवरून जाते, यात ती उभ्या नळ्यांतून जाते. प्रत्येक सुराची नळी वेगळी. म्हणजे भात्यावर वाजणाऱ्या बासऱ्यांनी भरलेलं कपाटच म्हणा. दादा तिथे लाकडी नळ्या करायला शिकला आणि तिथेच त्याला टीबी झाला. औषधं घेऊन तो पूर्ण बरा झाला, पण छातीवर एक डाग राहिला. पुढे म्हातारा गेला, कामं आटली आणि दादा किचनची कपाटं करणारा सुतार म्हणून ओमानला आला. आम्ही इथे आलो तेव्हा त्याला येऊन बरीच वर्षं झाली होती.

मी जन्माची भित्री. लिफ्टमध्ये एकटी शिरत नाही, रस्त्यावर पोलिसाची गाडी शेजारी आली तरी आपलं काय चुकलं ते आठवू लागते. पण दादाच्या बाबतीतली माझी भीती उगाच नव्हती. ती त्या डागाची होती. आखातात राहिलेल्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांना माहीत नसेल. इथे दर दोन वर्षांनी रहिवासाचं कार्ड नवं करायचं, त्याआधी मेडिकल. रक्त आणि छातीचा एक्सरे. छातीत टीबीची खूण दिसली तर माणूस अनफिट, की सामान बांधा. खूण जुनी की नवी, हे बघणाऱ्यावर अवलंबून, असं सगळे म्हणत. मस्कतमधल्या दार्सैतच्या खोलीत दादाबरोबर राहणारे कोकणातले लोक एक्सरेची तारीख जवळ आली की थंड दूध, केळी आणि इथलं ताक, ज्याला लबान म्हणतात, ते तांब्या-तांब्यानं पीत. त्यानं छाती 'साफ' दिसते म्हणे. उदबत्तीसुद्धा बंद. एरवी जगाची टर उडवणारा दादा त्या दिवसांत मुकाट्यानं केळी खायचा. मग निकाल यायचा, फिट, आणि तो शब्द सगळ्यांच्या लेखी धडधाकटपणाचा दाखलाच. व्हिसासाठी फिट म्हणजे सगळ्यासाठीच फिट. मधल्या काळात कोणी डॉक्टरकडे जायचं नाही, ही तर शपथच होती. "डॉक्टराकडे गेल्यार कागद होतलो," दादा म्हणायचा, "आणि कागद झालो की तो खंय खंय फिरतलो, कोणाक म्हायत?"

त्याचा वर्कशॉप मी पहिल्यांदा पाहिला तो मागच्या दशकाच्या सुरुवातीला, एका शुक्रवारी सकाळी. मस्कतच्याच अझैब्यात त्याच्या अर्बाबचं, म्हणजे मालकाचं, फर्निचरचं दुकान होतं आणि मागे पत्र्याची लांबट शेड. अर्बाबचं नाव सालिम. पोट सुटलेला, हसरा माणूस, आमच्याशी हिंदीत बोलायचा. दादानं एका चर्चसाठी बाकं केली होती. ती पोचवायला गेला तेव्हा तिथे विजेवरचा कीबोर्ड वाजताना ऐकून आला आणि सालिमला म्हणाला, यांना मी खरा ऑर्गन करून देतो. सालिमला वाटलं उन्हानं डोकं फिरलं असेल. पण दोन दिवसांनी तोच स्वतः चर्चच्या लोकांना भेटून आला. "सिस्टर, तुम्हारा भाई पागल है," मला दारातच म्हणाला. "लेकिन अच्छा पागल." मी डबा घेऊन गेले होते. आत बंदरावरून आलेल्या खोक्यांच्या पाइन लाकडाचा वास होता, सरसाचा होता, आणि भिंतीला ओळीनं नळ्या उभ्या... करंगळीएवढ्यापासून माझ्या डोक्याच्या वर जाणाऱ्यापर्यंत. दादानं प्रत्येकीचे अवयव दाखवले. खाली पाय, त्याच्यावर तोंड, तोंडाला ओठ. "ह्येंका बोलूक शिकवचा लागता," म्हणाला. मग त्यानं भात्याला जोडलेल्या फळीवर सगळ्यात मोठी नळी उभी केली आणि हवा सोडली. आवाज कानाला नीटसा आलाच नाही. तो आला पायांतून, पोटात. खिडकीची काच थरथरली, टेबलावरचे खिळे नाचायला लागले आणि मी डबा तिथेच टाकून बाहेर उन्हात पळाले. मागून दादा खो खो हसत होता. हसता हसता त्याला ठसका लागला आणि तो ठसका थांबेना. उन्हात उभी राहून मी तो ऐकत होते. नळीचा आवाज बंद झाला होता, याचा होत नव्हता.

त्यानंतर मी अनेक शुक्रवारी तिथे गेले. भ्यायचं आणि जायचंही, हा माझा जुना स्वभाव. काम कसं चालायचं ते सांगायलाच हवं. ऑर्गनचा सूर गारठ्यात उतरतो आणि उष्म्यात चढतो, म्हणून तो जिथे वाजायचा तिथल्या हवेतच लावावा लागतो. चर्चमध्ये एसीचा गारवा. म्हणून दादा सकाळपासून शेडमधला एसी लावून खोली चर्चइतकी थंड करायचा आणि मग तो बंद करायचा, कारण त्याच्या घरघरीत सूर ऐकू येत नाही. पत्र्यावर मस्कतचं ऊन. खोली तापायच्या आत जेवढं होईल तेवढं. त्यात विमानतळ जवळ. विमान उतरायला लागलं की दादा हात वर करायचा. "गप रव, इमान जाऊं दे." आम्ही सगळे पुतळे. आवाज गेला की नळी तोंडाशी धरून फुंकायची, ओठ सुरीनं केसभर तासायचा, पुन्हा फुंकायची. बोलली की त्याचा चेहरा उजळायचा. पण प्रत्येक फुंकीनंतर तो पाठ फिरवून उभा राहायचा आणि त्याचे खांदे हलायचे. त्याला वाटायचं आम्हाला कळत नाही.

भात्यासाठी मेंढीचं मऊ कातडं हवं होतं, ते बघायला आम्ही त्याला डोंगरातल्या निझवा गावी घेऊन गेलो. श्रीकांत गाडी चालवत होता. दादा मागे, खिडकी उघडी ठेवून. बाजारात त्यानं कातडं ओठांवर धरून ओढून पाहिलं, कुठून हवा जाते का ते. विकणारा म्हातारा आधी हसला, मग समजून मान डोलवायला लागला. परतताना घाटात त्याला उबळ आली. त्यानं टॉवेल तोंडाला दाबला आणि मी आरशातून पाहिलं... टॉवेल लाल. माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्यानं श्रीकांतनं गाडी कडेला घेतली. मी मागचं दार उघडून टॉवेल खेचला. दादानं शांतपणे सीटखालून बाटली काढून दाखवली. रमजानात सगळीकडे मिळतं ते लाल सरबत. ठसक्यात सांडलं होतं. "मरूचंय तेव्हा तुका आधी सांगान मरान," म्हणाला, "आता बस आत." श्रीकांत हसला, दादा हसला. दार्सैतला पोचेपर्यंत टॉवेल मी माझ्या मांडीवरच ठेवला होता. वास घेऊन पाहिला. सरबतच होतं.

तोवर माझ्या लक्षात एक गोष्ट आली नव्हती, ती माझ्या मुलीच्या आली. अन्वी तेव्हा इथल्या शाळेत पाचवीत. तिचं मराठी अडखळत चालतं. "आई, मामा ऑलवेज बाल्कनीत का बसतो? त्याला आपला हॉल आवडत नाही?" खरंच, तो कधी आत बसायचा नाही. चहा आपल्या स्टीलच्या पेल्यातून, तो पेला पिशवीतून आणलेला. मी समजत होते, याला आमच्या सोफ्याचा संकोच. पुढच्या शुक्रवारी मी शेडमध्ये त्याला विचारलं. त्यानं हातातली नळी तोंडाला लावली आणि फुंकली, आणि नुसती हवा निघाली. पुन्हा फुंकली. पुन्हा हवा. मोठ्या नळ्यांना दमदार, एकसारखी फुंक लागते आणि ती त्याच्याकडे उरली नव्हती. खोली तापत चालली होती. मी म्हटलं, दे इकडे, मी फुंकते. त्यानं नळी छातीशी धरली, लहान मूल खेळणं धरतं तशी. "ह्येका माझा तोंड लागला हा." आणि मग एका डब्यातून रबराची नळी काढली, लाकडाचं नवं तोंड बसवलेली, उकळून फडक्यात गुंडाळलेली. म्हणजे याची तयारी त्यानं आधीच करून ठेवली होती. माझ्या डोक्यात उशिरा प्रकाश पडला. मी इतके दिवस भीत होते की याला घालवतील. तो भीत होता की जुनं दुखणं परत आलंय आणि ते माझ्या पोरीला लागेल. "फुक," म्हणाला. "तशी नको, चूल पेटवचीशी. गरम च्या फुकतंस तशी फुक." मी फुंकली. डोळ्यांतलं पाणी नळीवर पडत होतं आणि तो ओठ तासत होता. "रडान फुकतंस, सूर हलता मगे," म्हणून रागावलासुद्धा.

त्या उन्हाळ्यात त्याची मेडिकलची तारीख आणि ऑर्गन पोचवायची तारीख एकमेकींच्या मागावर असल्यासारख्या आल्या. एक्सरे आधी. अनफिट झाला तर ऑर्गन अर्धा टाकून जावं लागणार, म्हणून तो दिवसा कपाटं आणि संध्याकाळी नळ्या करायला लागला. मास्क लावायचा नाही, मास्कमध्ये खोकला जास्त येतो म्हणे. भुसा हवेत, तो त्या भुशात. मी विनवण्या केल्या. सालिमनंही केल्या. "मेरा दोस्त है डाक्टर, चुपचाप देखेगा, कोई कागद नहीं," तो म्हणाला. दादा हसून म्हणाला, "अर्बाब, पहले बाजा. फिर डाक्टर. इन्शाल्ला." मी रागानं बोलले, रडले, वहिनीला फोन लावून त्याच्या कानाला दिला. त्यानं तिलाही हसवलं आणि फोन ठेवला. मला त्याचा तेव्हा इतका राग आला होता, की आजही हे लिहिताना तो येतो.

मेडिकलला आम्हीच त्याला सोडलं. श्रीकांत आणि मी गाडीत बसून राहिलो. एसी चालू, तरी माझा घाम थांबेना. तो बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हतं. निकाल येईपर्यंत दारावरची बेल वाजली की वाटायचं, हाच निरोप. मग त्याचा फोन आला आणि तो आधी नुसता खोकला. खोकता खोकता हसत होता. "फिट!" म्हणाला. "सुनू, आता खोकल्याक पण विसा गावलो गो!" त्या संध्याकाळी तो लाडू घेऊन घरी आला आणि सरळ आत येऊन सोफ्यावर बसला. अन्वीला शेजारी बसवलं, तिच्या ताटातलं पापलेट उचलून खाल्लं, तिच्या ग्लासातलं पाणी प्यायला. डॉक्टरचं नाव त्या दिवशी कोणी काढलं नाही. टीबी नाही म्हटल्यावर खोकला भुशाचा, असं ठरूनच गेलं. मलाही तसंच वाटलं... वाटलं म्हणजे किती हलकं वाटलं, ते सांगता येणार नाही.

ऑर्गन वेळेवर पोचला. पहिल्या दिवशी चर्चमध्ये मागच्या बाकावर आम्ही चौघं. दादा, सालिम, श्रीकांत आणि मी. सालिम खास इस्त्रीचा पांढरा दिशदाशा, त्यांचा पायघोळ झगा, घालून आला होता. वाजवणारी बाई बाकावर बसली तेव्हा मी श्रीकांतचं मनगट धरलं. एखादी नळी मुकी राहिली तर? पण सगळ्या बोलल्या. मोठ्या नळीचा सूर पायांतून वर आला आणि या खेपेला मी पळाले नाही. शेजारी पाहिलं तर दादा जागेवर नव्हता. उबळ आली म्हणून तो बाहेर जाऊन, दार ओढून, पार्किंगमध्ये खोकत होता. आपल्याच ऑर्गनचं पहिलं गाणं त्यानं बंद दाराबाहेरून ऐकलं.

पुढे तेलाचे भाव पडले, लोकांची घरं बांधणं थांबलं, सालिमचं दुकान लहान झालं. दादा त्यानंतरही राहिला, आणखी एकदा फिट झाला, मग एक दिवस कायमचा गावी गेला. तिथे खोकल्याबरोबर वजन उतरायला लागलं. वहिनी त्याला ओढून गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली. फुप्फुसात गाठ, आणि ती पसरलेली. भुशानं झाली की कशानं, ते कोणी नक्की सांगितलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, इतकी वर्षं खोकला, कोणाला दाखवलं नाही? वहिनी म्हणाली, "डॉक्टरानू, ते फिट होते. दर खेपेक फिट." हे मला फोनवर सांगताना ती पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती. फिट होते. मी तिला काय सांगू? ते मशीन एकच गोष्ट शोधत होतं आणि ती सापडली नाही, की माणसाला जाऊ देत होतं. आम्ही त्याला डॉक्टर समजलो.

तो गेल्यावर मी आणि श्रीकांत सालिमला भेटायला अझैब्यात गेलो. त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले. शेडमध्ये आता गाद्या भरून ठेवल्या आहेत. "खलास, सिस्टर," एवढंच शेवटी म्हणाला. निघताना मी त्याला विचारलं, तुमची तपासणी कधी केलीत? तो हसला आणि छाती ठोकून दाखवली. मी हसले नाही. दोस्त डाक्टरकडे आजच जा म्हटलं, आणि तो फोन लावेपर्यंत दारातून हलले नाही.

मागच्या आठवड्यात माझंच कार्ड नवं करायची पाळी आली. रांगेत माझ्यापुढे दोन मुलगे होते, बहुधा रत्नागिरीकडचे. एक दुसऱ्याला हळूच म्हणत होता, "केळी खाल्लीस ना?" माझं नाव पुकारलं. आत गार पाटीला छाती टेकली, हनुवटी वर केली. वहिनीनं परवाच सांगितलं होतं की रजेवर घरी आला की दादा पत्र्याच्या कपाटाला छाती लावून उभा राहायचा आणि श्वास रोखायचा सराव करायचा. नेमक्या त्या क्षणी खोकला येऊ नये म्हणून. ती विचारायची, काय करतास? तो म्हणायचा, व्यायाम. काचेमागून मल्याळी टेक्निशियन म्हणाला, "सांस अंदर लीजिए, मॅडम... रोकिए." मी श्वास घेतला, रोखला. मशीन वाजलं. "हो गया. सांस छोड़िए." मी उभीच. तो काचेमागून बाहेर आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि घाबरून पुन्हा म्हणाला, "मॅडम, हो गया, छोड़िए ना सांस." मला तो सोडवेना.